तळघराच्या कडेने पाणी, भिंतीला लोणा (पांढरे क्षार) : काळ्या मातीतलं घर (नागपूर). काय करावं आणि कुठल्या क्रमाने?

मानेवाडा_तळघर | १९ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. घर मानेवाडा–बेसा रस्त्याच्या बाजूला आहे. सगळी मापं आधीच देतो.

तळघर आतून २० × १५ फूट, उंची ९ फूट, त्यातलं साडेसात फूट जमिनीखाली. पूर्व, उत्तर आणि दक्षिण भिंती आरसीसी (सळ्या घातलेलं काँक्रीट), ८ इंची. पश्चिमेची, जिन्याखालची भिंत ९ इंची विटेची. तिच्यामागेही मातीच आहे. खाली १० इंची राफ्ट (पायाचा अखंड काँक्रीट स्लॅब), त्यावर ४ इंच कोबा (काँक्रीटचा थर) आणि टाइल्स. बांधकामाला अकरा वर्षं झाली. खोदकामात पाच फूट काळी माती आणि त्याखाली मुरूम लागला होता. भिंतीमागचा भराव निघालेल्या मातीचाच आहे.

लक्षणं अशी. पूर्वेला भिंत आणि फरशी मिळते तिथून पाणी येतं. उत्तरेच्या भिंतीवर फरशीपासून साडेतीन फुटांवर एका ओळीत दोन ओले ठिपके आहेत, त्यांच्यात तीन फुटांचं अंतर. पश्चिमेच्या विटेच्या भिंतीला अडीच फुटांपर्यंत पांढरा लोणा. दक्षिणेला नुसता दमटपणा आणि काळी बुरशी. मधल्या काही टाइल्स पोकळ वाजतात. गेल्या दिवाळीत आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले होते, त्याला आता पुरीसारखे फुगे आलेत. उत्तरेला भिंतीपासून सहा फुटांवर पाण्याची जमिनीखालची टाकी आहे. पूर्वेला सहा फूट मोकळी जागा, मग कंपाउंड वॉल. कुलरही पूर्वेच्याच खिडकीला.

तीन कंत्राटदार येऊन गेले. तिघांनी तीन उपाय सांगितले आणि तिघांनीही आतूनच करू म्हटलं. कुठून सुरुवात करू?

---

ओल_तपास | १९ जुलै, रात्री १०.५५

उपायाकडे आत्ता जाऊच नका. चार भिंतींवर चार वेगळी लक्षणं आहेत म्हणजे पाणी एकाच जागचं नसण्याची शक्यता जास्त. पावसाळा चालू आहे, तपासायला हीच वेळ आहे. डिसेंबरात भिंत कोरडी दिसेल आणि मग सगळा अंदाजाचा खेळ होईल.

१) प्रत्येक भिंतीवर दीड फूट × दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक लावा. आधी तेवढ्या जागेवरचा रंग खरवडा, भिंत कापडाने पुसा. चारही कडा रुंद चिकटपट्टीने पूर्ण बंद करा, फट राहिली तर चाचणी फुकट. ४८ तासांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला थेंब आणि भिंतीकडे कोरडं असेल तर तो खोलीतल्या हवेचा दव आहे.

२) टाकी रात्री भरा, आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा. २४ तासांनी रेघेपासून किती मिलिमीटर उतरलं ते मोजा. झाकलेल्या टाकीतून वाफ होऊन जाणारं पाणी नगण्य असतं.

३) सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघा. फिरत असेल तर मीटरच्या पुढची लाइन कुठेतरी गळते आहे.

४) ओल जिथपर्यंत आहे तिथे खडूने रेघ आणि तारीख. दर मोठ्या पावसानंतर नवी रेघ. पाऊस सुरू झाल्यापासून किती तासांनी पाणी दिसलं ते लिहून ठेवा.

बरेच जण पाझराच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजतात आणि तो नळापेक्षा जास्त आला की नळाचं पाणी नाही म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. नळाचंही पाणी मातीतून आणि काँक्रीटमधून येताना क्षार उचलतं, आणि त्यातला क्लोरीन मातीत संपून जातो. क्लोरीन सापडला तर नळाचं पाणी नक्की. सापडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही.

---

मुरूम_गिट्टी | २० जुलै, सकाळी ७.१५

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मातीबद्दल लिहितो, कारण नागपुरात अर्धा प्रश्न मातीचाच असतो.

काळ्या मातीतून पाणी फार हळू झिरपतं, त्यामुळे "आमच्याकडे चिकण माती आहे, पाणी येणार नाही" असं लोकांना वाटतं. पण घर बांधताना खड्डा भिंतीपेक्षा दोन-तीन फूट रुंद खोदतात आणि मग तो भराव सैल टाकतात. भोवती घट्ट माती, खाली कडक मुरूम किंवा खडक, मध्ये सैल भराव. ही झाली विहीर, आणि तुमचं तळघर म्हणजे त्या विहिरीत ठेवलेला डबा. भूजल पंचवीस फूट खाली असलं तरी या विहिरीत पावसाचं पाणी साचतं आणि त्याला जायला वाट नसते. बोअरची पातळी बघून "पाणी खोल आहे" म्हणू नका, भरावातली पातळी बघा.

दुसरं म्हणजे उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये काळी माती आकसते, भिंतीपासून सुटते, त्या फटीत हात जाईल इतकी जागा होते. जूनचा पहिला जोराचा पाऊस त्या फटीतून सरळ तळापर्यंत जातो. माती फुगून फट मिटेपर्यंत बरंच पाणी आत गेलेलं असतं. म्हणून कित्येक घरांत पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त पाणी येतं.

आणि कुलर! चार महिने कुलरच्या ओव्हरफ्लोची नळी भिंतीच्या बुडाशी टपकत असते. तेवढीच जागा ओली, बाजूची माती कोरडी, म्हणून तिथला प्लिंथ (जोतं) वर-खाली होतो आणि चीर पडते. तुमचा कुलर पूर्वेला आहे, पाणीही पूर्वेलाच. ती नळी आजच नालीपर्यंत न्या.

---

शहाबादी | २० जुलै, दुपारी १.०५

बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग करून टाका. शहाबादी फरशी, मागे सिमेंटची स्लरी (पातळ घोळ). जुनी पद्धत आहे, वर्षानुवर्षं टिकते.

---

पॅकर_पंप | २० जुलै, संध्या. ६.३०

@शहाबादी, पद्धत चांगली आहे, पण ती बाहेरून करायची असते. पीसीसीवर (सळ्या नसलेल्या काँक्रीटवर) शहाबादी, सांधे भरलेले, त्यावर राफ्ट. मग भिंतीच्या बाहेरून फरशी उभी करून मधल्या इंच-दीड इंच फटीत स्लरी. पाणी बाहेरून ढकलतं आणि फरशीला भिंतीवर दाबतं, म्हणून ती टिकते. हीच फरशी आतून लावली तर पाणी तिला भिंतीपासून सोडवायला ढकलतं. अकरा वर्षांच्या घरात आतून बॉक्स करणं म्हणजे जागा जाणार, पाणी फरशीमागे साठणार आणि दिसणार नाही.

रंगाला फुगे आले त्याचं कारणही हेच. एक मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे चौरस मीटरला एक टन. तुमच्या भरावात पाच फूट पाणी साचलं तर भिंतीच्या तळाशी दीड टन. कातडीसारखा रंग आतून तो दाब धरत नाही. फुगा फोडून पाणी बोटावर घेतलं की बुळबुळीत लागतं. ते काँक्रीटमधून आलेलं अल्कलीचं पाणी.

उत्तरेचे दोन ठिपके एकाच उंचीवर, तीन फुटांच्या अंतराने? ती बहुधा सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) टाय बोल्टची भोकं आहेत. बोल्ट काढल्यावर मसाल्याने वरवर बुजवलेली असतात.

---

मानेवाडा_तळघर | २४ जुलै, रात्री ८.२०

नोंदी:

प्लास्टिक: पूर्व आणि उत्तर, भिंतीकडे थेंब. पश्चिम, भिंतीकडे धुकं, थेंब नाहीत. दक्षिण, भिंतीकडे कोरडं आणि खोलीकडे थेंब.

टाकी (आतून ८ × ६ फूट): २४ तासांत ११ मिमी उतरली. मीटर स्थिर.

पूर्वेचं पाणी २२ तारखेच्या पावसानंतर साधारण सहा तासांनी वाढलं, दोन दिवसांनी ओसरलं. उत्तरेचे ठिपके पाऊस नसतानाही तसेच.

---

ओल_तपास | २४ जुलै, रात्री ९.१०

किती छान नोंदी घेतल्यात. आता चित्र स्पष्ट आहे.

टाकीचं क्षेत्रफळ साधारण ४.४६ चौ. मीटर, ११ मिमी म्हणजे रोज ४९ लिटर. उत्तरेच्या ठिपक्यांचं पाणी टाकीचं धरायला हरकत नाही. खात्रीसाठी टाकीत खाण्याचा रंग टाकता येतो, पण मातीतून येताना रंग गाळला जातो, त्यामुळे दिसला नाही म्हणून टाकी निर्दोष ठरत नाही. त्यापेक्षा टाकी चार दिवस अर्ध्यावर ठेवा आणि ठिपके कमी होतात का बघा.

पूर्वेचं भरावातलं पावसाचं पाणी. पश्चिमेचं विटेने शोषलेलं. दक्षिणेचं बाहेरचं पाणीच नाही, दव आहे.

दक्षिणेसाठी एक पैशाचं वॉटरप्रूफिंग लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवा ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची असेल तर तिचं दव साधारण २७ अंशांना पडायला लागतं. मातीला टेकलेली भिंत हवेपेक्षा दोन-चार अंश थंड असते. "हवा खेळू दे" म्हणून पावसाळ्यात दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या की ती दमट हवा आत येऊन त्याच भिंतीवर पाणी होते. पावसाळ्यात तळघर बंद ठेवा, डीह्युमिडिफायर लावा, कपाटं भिंतीपासून चार इंच पुढे घ्या. ऑक्टोबर ते मे खुशाल उघडं ठेवा. आणि कपडे तिथे वाळत घालू नका, एका बादलीभर कपड्यांतून दोन-तीन लिटर पाणी हवेत जातं.

---

मुरूम_गिट्टी | २५ जुलै, सकाळी ६.५०

आता बाहेरचं काम, पूर्वेचं. पहिले छताचं पाणी. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ५० मिमी पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी होतं. ते छतावरून खाली येणाऱ्या डाउनटेक पाइपातून भिंतीच्या बुडाशी पडत असेल तर बाकी काही करून उपयोग नाही. पाइप नालीपर्यंत न्या. रेन हार्वेस्टिंगचा शोषखड्डा कुठे आहे? भिंतीला लागून असेल तर तुम्ही स्वतःच त्या विहिरीत पाणी भरताय. तो भिंतीपासून किमान १५ फूट दूर आणि उताराच्या बाजूला हवा.

मग प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे भिंतीला लागून बाहेरचा काँक्रीटचा पट्टा. वरचा साधारण दोन फूट सैल भराव काढा. सगळा साडेसात फूट खोदायच्या भानगडीत पडू नका. सहा फुटांच्या बोळात, कंपाउंड वॉलच्या बुडाशी तेवढं खोदलं तर वॉल खड्ड्यात येईल आणि माणूस खाली असेल. दीड मीटरच्या खाली आधार दिल्याशिवाय कोणालाही उतरवायचं नाही, काळी माती पाऊस पडल्यावर न सांगता ढासळते.

खालचा फूटभर काळीच माती, ओलसर करून, सहा-सहा इंचांच्या थरात धुमसने ठोकून. तिचा चिकटपणा इथे कामाचा आहे. तिच्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, भिंतीवर सहा इंच वर घेतलेलं. त्यावर नऊ इंच मुरूम धुमस करून आणि शेवटी ४ इंच काँक्रीट. भिंतीपासून बाहेर मीटरला २५ मिमी उतार, रुंदी किमान साडेतीन फूट. तुमच्याकडे तर पूर्ण सहा फूट करा आणि कंपाउंडच्या कडेने नाली काढा. दर आठ-दहा फुटांवर सांधा सोडा.

सगळ्यात जास्त चूक होते ती भिंतीच्या सांध्यात. मिस्त्री तिथे सिमेंटचा वाटा (कोपऱ्यातला गोलसर भराव) मारतो. काळी माती पहिल्याच पावसात काँक्रीट उचलते आणि वाटा तडकतो. तिथे १२ मिमी फट सोडायची, आत फोमची दोरी दाबायची आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट भरायचा. तो ताणला जातो, तुटत नाही.

---

धरमपेठ_जुनंघर | २५ जुलै, सकाळी १०.३०

मुरूमभाऊ, भरावात आधीच साचलेल्या पाण्याचं काय? आणि तळघरातच खड्डा करून पंप बसवला तर?

---

मुरूम_गिट्टी | २५ जुलै, दुपारी २.००

तळघरात, राफ्ट फोडून? अजिबात नाही. जी एक अखंड गोष्ट आहे तिला आपल्या हाताने भोक पाडल्यासारखं होईल, आणि सळ्या कापल्या जातील त्या वेगळ्याच.

खड्डा बाहेर करा. पूर्व-उत्तर कोपऱ्यात, भरावातच, दीड फूट व्यासाचा ह्यूम पाइप (काँक्रीटचा नळ) उभा, राफ्टच्या तळाच्या पातळीपर्यंत. खालच्या चार फुटांत १२ मिमीची भोकं. बाहेरून न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड आणि भोवती सहा इंच २० मिमी गिट्टी. कापड नसेल तर पहिल्या वर्षी पाइप गाळाने भरतो. पाइप आतून माती काढत काढत खाली उतरवायचा, म्हणजे कडा मोकळ्या राहत नाहीत. हे खोदकाम राफ्टच्या खाली जाता कामा नये.

आत फ्लोटवाला अर्ध्या एचपीचा ड्रेनेज पंप. बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाणी उघड्या पावसाळी नालीत, मलवाहिनीच्या चेंबरमध्ये नाही. पंप इन्व्हर्टरवर घ्या, कारण ज्या रात्री पाऊस असतो त्याच रात्री लाइट जाते.

उपशाचं पाणी पहिल्या दिवशी गढूळ असेल. आठवडाभरानंतरही काचेच्या ग्लासात घेतल्यावर तळाला माती बसत असेल तर उपसा थांबवा. ती माती तुमच्या पायाखालून येते आहे. पातळी राफ्टच्या तळापर्यंतच उतरवा, त्याखाली नाही. काळी माती गरजेपेक्षा जास्त सुकवली की बसते.

---

पॅकर_पंप | २५ जुलै, रात्री ९.४५

आता आतलं. पूर्वेच्या कडेने येणारं पाणी राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यातलं आहे. राफ्ट आज ओतला, भिंत आठ दिवसांनी. दोन्ही काँक्रीट एकजीव होत नाहीत. इथे पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन, म्हणजे भोकांतून दाबाने राळ भरणं. पाणी चालू असताना करायचं, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. वाट कोरडी असेल तर कुठे आहे ते कळतच नाही.

भिंतीच्या कडेचा फूटभर पट्टा टाइल्स आणि कोबा काढून राफ्टपर्यंत उघडा करा. भिंत ८ इंची, म्हणजे २०० मिमी. सांध्याच्या वर १०० मिमीवर, ४५ अंश खाली तिरपं १४ मिमीचं भोक. ते भिंतीच्या मध्यावर सांध्याला मिळतं. दर २०० मिमीला एक भोक. पूर्वेची भिंत २० फुटी असेल तर ३० पॅकर (राळ आत ढकलायच्या तोट्या) लागतील. चारही बाजू केल्या तर १०७. सळी लागली तर भोक दोन इंच सरकवा, सळी कापू नका. नकाशात सांध्यात पीव्हीसीचा वॉटरस्टॉप दाखवला असेल तर तो बरोबर मध्यावरच उभा असतो. तेव्हा भोक त्याच्या अलीकडे सांध्याला भेटेल असं थोडं खालून पाडा, नाहीतर होता तो अडथळाही जाईल.

भोकातली धूळ पाण्याने धुवा. पॅकर घट्ट बसवा. एका टोकापासून सुरुवात, दाब कमी ठेवून हळूहळू वाढवायचा. शेजारच्या पॅकरमधून किंवा सांध्यातून राळ दिसली की पुढच्याकडे जायचं. पाण्याशी फुगणारा फोम वाहतं पाणी थांबवतो, पण तो जाळीदार असतो. त्याच पॅकरमधून नंतर न फुगणारी पीयू राळ द्या, ती कायमची. बरेच जण फोमवर थांबतात आणि दोन वर्षांनी पाणी परत येतं.

ॲक्रिलेट जेल सुचवलं तर नको म्हणा. पाणी शोषून टिकणारी वस्तू आहे ती. बारमाही ओल्या जागी ठीक. आपल्याकडे मे महिन्यात भरावच सुकतो, जेल आकसतं आणि जूनच्या पहिल्या पावसाला वाट मोकळी.

टाय बोल्टची भोकं: भोवती २५ मिमी रुंद, ४० मिमी खोल खाच घ्या, तोंडापेक्षा आत किंचित रुंद. इंग्रजी व्हीसारखी खाच घेतली तर प्लग पाण्याच्या दाबाने बाहेर येतो. पाणी जोरात असेल तर आधी १२ मिमीची नळी आत ठेवून पाणी नळीतून वाहू द्या आणि तिच्याभोवती बुजवा. झटपट बसणारं प्लग सिमेंट एका मुठीपुरतंच भिजवा, मिनिट-दीड मिनिटच हातात राहतं. हातमोजा घालून गोळा करा, किंचित कोमट लागायला लागला की खाचेत कोंबा आणि तळव्याने तीन-चार मिनिटं दाबून धरा. हात लवकर काढला की पाणी कडेने सुटतं आणि सगळं परत. नळी दुसऱ्या दिवशी काढून ते भोक शेवटी बंद.

---

पॅकर_पंप | २५ जुलै, रात्री १०.२०

मघाशी क्रिस्टलाइनचं (पाण्यात कालवून ब्रशने लावायची वॉटरप्रूफिंग पावडर) राहिलं. ते आरसीसीवरच चालतं. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी मिळून ते छिद्रांत स्फटिक बनवतं. विटेत तो चुना नाही, म्हणून पश्चिमेला लावून उपयोग नाही.

जुना रंग, पुट्टी, पीओपी काँक्रीट दिसेपर्यंत काढा. टाचे मारून पृष्ठभाग खरबरीत. आदल्या रात्रीपासून भिंत भिजवा. लावताना ती ओली हवी पण पाण्याने चमकायला नको. जाड ब्रशने दोन हात, प्रत्येकी चौ. मीटरला पाऊण किलो, दुसरा हात पहिला पूर्ण वाळायच्या आत. पूर्वेची भिंत २० फुटी धरली तर तीन आरसीसी भिंती आणि राफ्ट मिळून ६९–७० चौ. मीटर होतात, म्हणजे दीड किलोच्या हिशोबाने १०५ किलो. २५ किलोच्या पाच पिशव्या घ्या. बिल दोन पिशव्यांचं आणि भिंती तिन्ही झाल्या असं कोणी सांगितलं तर हिशोब लगेच कळतो.

नंतर तीन दिवस, दिवसातून तीन वेळा फवाऱ्याने तराई. धार मारू नका. रंगाआधी तीन आठवडे थांबा.

---

शहाबादी | २६ जुलै, सकाळी ८.००

आतून बॉक्स नको, पटलं. पण राफ्टवर दोन इंच वॉटरप्रूफ कोबा नवा घातला तर काय बिघडेल?

---

ओल_तपास | २६ जुलै, सकाळी ९.३०

वजनाचा हिशोब करा. दोन इंच कोब्याचं वजन चौ. मीटरला साधारण १२० किलो. राफ्टच्या चिरेतून येणारं पाणी कोब्याखाली पसरलं की त्याला वर उचलायला १२ सेंटिमीटरचा दाबही पुरतो. मूळ चार इंची कोबा २४ सेंटिमीटरला उचलला जातो, टाइल्स पोकळ वाजतात त्या बहुधा म्हणूनच. कंपाउंड कितीही चांगलं घाला, वजन वाढत नाही. आधी राफ्टच्या चिरा इंजेक्शनने बंद, मग क्रिस्टलाइन, मग नवा कोबा. कोब्यात आयएस २६४५ लिहिलेलं वॉटरप्रूफिंग कंपाउंड ५० किलोच्या पोत्याला डब्यावर लिहिलंय तेवढंच. मिस्त्री अंदाजाने ओततात. जास्त घातलं की काही कंपाउंडनी काँक्रीट भुसभुशीत होतं.

---

धरमपेठ_जुनंघर | २६ जुलै, दुपारी १२.१५

विटेच्या भिंतीचं कोणी सांगा, जुन्या बंगल्यांत सगळी तळघरं विटेचीच आहेत.

---

मुरूम_गिट्टी | २६ जुलै, संध्या. ५.४०

विटेच्या भिंतीला आतून पाणी "अडवण्याचा" हट्ट करू नये. ९ इंची वीट मातीचाच दाब जेमतेम पेलते. त्यामुळे आधी एक गोष्ट: भिंतीला लांब सूत लावून ती आत फुगली आहे का बघा. फुगली असेल तर वॉटरप्रूफिंग बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

सरळ असेल तर प्लास्टर लोण्याच्या रेघेच्या तीन फूट वरपर्यंत काढा. क्षार त्या प्लास्टरमध्येच बसलेला असतो. वर नवं प्लास्टर चढवलं तर तो पुढच्या पावसाळ्यात त्यातूनही बाहेर येतो. सांधे २० मिमी खोल खरवडा. कोरड्या ब्रशने क्षार झाडा आणि गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतला तर तो विटेत परत जातो. मग भिंतीपासून दीड-दोन इंच सोडून आत उभी हलकी पार्टिशन करा, किंवा भिंतीवर खळग्यांचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पत्रा लावा. झिरपलेलं पाणी त्यामागून खाली, तिथे छोटी नाली, तिला १०० ला १ उतार, आणि शेवटी एका छोट्या डब्यातून पंपाने बाहेर. वर-खाली जाळी ठेवून हवा फिरू द्या. भिंत ओली राहील, खोली कोरडी राहील. पीओपी आणि जिप्सम बोर्ड या भिंतीच्या जवळपासही नको.

पायातून वर चढणारी ओल असेल तर भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेनचं इंजेक्शन चालतं. पण ते केशाकर्षणाला. बाजूने दाबाने येणाऱ्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही.

---

वायर_अर्थिंग | २६ जुलै, रात्री ८.१०

एवढं सगळं लिहिलंत, विजेचं कोणीच नाही. ओल्या भिंतीतले स्विचबोर्ड आधी बंद करा, एमसीबी पाडून. तळघराच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर भोकं पाडायच्या आधी तो बसवा. पाण्यात उभं राहून ड्रिल चालवायची आहे. बाहेरच्या पंपालाही स्वतंत्र आरसीसीबी हवा, नाहीतर घरात कुठे गळती झाली की पंप बंद आणि कोणाला कळणारही नाही.

---

ओल_तपास | २७ जुलै, सकाळी ७.३०

अजून एक वेगळं पाणी राहिलं: पुराचं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तसं पाणी भिंतीतून झिरपत येत नाही. ते रॅम्पवरून, व्हेंटिलेटरमधून आणि तळघरातल्या बाथरूमच्या फ्लोअर ट्रॅपमधून उलटं येतं. त्याला इंजेक्शन नव्हे, रॅम्पच्या तोंडाशी नऊ इंच उंचवटा, व्हेंटिलेटरची कट्टी (खालची कड) वर आणि ड्रेनेज लाइनवर बॅकफ्लो व्हॉल्व्ह लागतो.

---

मानेवाडा_तळघर | २७ जुलै, रात्री ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलेला क्रम असा, चुकत असेल तर सांगा:

आत्ता: कुलरची नळी आणि डाउनटेक नालीत. टाकी अर्धी. तळघराच्या खिडक्या बंद, डीह्युमिडिफायर. आरसीसीबी.
ऑगस्ट: पूर्वेचं इंजेक्शन, उत्तरेचे प्लग.
सप्टेंबर: बाहेरचा ह्यूम पाइप आणि पंप.
दिवाळीनंतर: टाकी रिकामी करून आतून कोटिंग, प्लिंथ प्रोटेक्शन, विटेच्या भिंतीचं काम.
मे: क्रिस्टलाइन आणि नवा कोबा.

---

पॅकर_पंप | २७ जुलै, रात्री ९.५०

दोन बदल करा.

ह्यूम पाइप इंजेक्शनच्या आधी. भरावात पाणी तसंच ठेवून पूर्वेचा सांधा बंद केला की पाणी पुढच्या कमकुवत जागी जाईल, बहुतेक विटेच्या भिंतीत, आणि ती तुमची सगळ्यात दुबळी बाजू आहे. पाइप ऑगस्टच्या पहिल्या उघडीपीत बसवा. इंजेक्शनच्या दिवशी मात्र पंप बंद ठेवून पातळी चढू द्या, म्हणजे गळती दिसेल. काम झालं की पंप चालू.

क्रिस्टलाइन मेमध्ये नको. ४५ अंशांत वरचं पाणी दहा मिनिटांत उडतं आणि पावडर भिंतीवर पिठासारखी राहते, हात फिरवला की निघते. नोव्हेंबर-डिसेंबरात घ्या, टाकीच्या कामाबरोबर.

---

मुरूम_गिट्टी | २७ जुलै, रात्री १०.३०

टाकी दिवाळीनंतर म्हणालात ते बरोबर आहे. भर पावसाळ्यात भोवतीची माती भिजलेली असताना जमिनीखालची टाकी पूर्ण रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने तळ उचलतो किंवा भिंत आत तडकते. रिकामी करायच्या दिवशी ह्यूम पाइपात काठी टाकून पातळी बघा. ती टाकीच्या तळाच्या खाली गेली असेल तरच उपसा. कोटिंग पिण्याच्या पाण्याला चालणारं, पावडर आणि लिक्विड मिसळायचं सिमेंट कोटिंग घ्या, दोन हात, कोपऱ्यांत आधी दोन इंची वाटा. टाकी आहे, बोळ नाही, इथे वाटा लागतोच. सात दिवस पूर्ण वाळू द्या, भरून एक दिवस ठेवा, ते पाणी सोडून द्या आणि पुन्हा पेन्सिलची रेघ मारून २४ तास मोजा.